उसना भात

आईने कुकरचं झाकण काढलं, चमच्याने भात उचकून पाहिला आणि म्हणाली, "गिच्च झाला वं. पानी जास्त टाकलं का?"

टाकलं होतं. मुद्दाम टाकलं होतं. मला ओनिगिरी करायची होती. ओनिगिरी म्हणजे जपानी भाताचा मुटका: मिठाच्या ओल्या हाताने तिकोनी दाबलेला, पोटात काहीतरी आंबट-खारट भरलेला, बाहेरून समुद्री शेवाळाचा काळा कागद गुंडाळलेला. आमच्या घरात एचएमटी तांदूळ असतो. एचएमटीचा भात मोकळा होतो हीच त्याची ख्याती, आणि मुटक्याच्या दृष्टीने तीच त्याची खोड. पहिल्या दिवशी माझ्या हातात बरा त्रिकोण आला होता, ताटात ठेवेपर्यंत त्याची परत शितं झाली. बाबा म्हणाले, "राहू दे, वरण टाकून खातो."

हा तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात लोंब्या निवडून-निवडून तयार केला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. आणि एचएमटीने १९६१ साली घड्याळं बनवायला घेतली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने. म्हणजे आमच्या डब्यातल्या तांदळाच्या नावामागे लांबून का होईना, जपान आहे. हे मला तिकडे असताना माहीत असतं तर मी ते किती रंगवून सांगितलं असतं! कळलं ते परत आल्यावर, कुकरसमोर उभी राहून फोनवर एचएमटी चिकट कसा करायचा हे शोधताना.

मी देवळीची. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. जीएनएम केलं, दोन वर्षं वर्ध्यात नोकरी केली, पुण्यात राहून जपानी शिकले आणि २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षं ओकायामात म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं काम केलं. त्या कामाला तिकडे 'काइगो' म्हणतात. अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, जेवू घालणं. गावात कोणी विचारलं की बाबा "जपानले नर्स हाय" असं सांगायचे. मी दुरुस्त करत बसले नाही.

आता परत येऊन काही महिने झालेत आणि मला जपानची आठवण येते. हे लिहायला जरा लाज वाटते. कारण तिकडे होते तेव्हा तीनही वर्षं मला देवळीची आठवण येत होती, आणि तेव्हा त्या आठवणीचं कोणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. उलट्या दिशेची आठवण मात्र कोणाला सांगता येत नाही. लोकांना ती मिजास वाटते.

लहानपणी जपान म्हणजे आमच्यासाठी दोनच गोष्टी. एक, वर्ध्याचा विश्वशांती स्तूप. शाळेची सहल दरवर्षी तिथे आणि सेवाग्रामला. जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि त्यांचा जपानी मंत्र सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला येऊन बसला तो आजतागायत. आम्ही पोरं तो मंत्र काहीही न समजता म्हणायचो आणि एकमेकींकडे पाहून हसू दाबायचो. दुसरी गोष्ट, आईच्या वेणीचं 'लव इन टोकियो'. दोन रंगीत मणी असलेलं ते रबर. १९६६च्या सिनेमात आशा पारेखने लावलं आणि त्याचं नावच तसं पडलं. देवळीच्या आठवडी बाजारात ते रबर मिळायचं, आणि ते मागताना आपण दुसऱ्या देशाच्या राजधानीचं नाव घेतोय हे कोणाच्या ध्यानातही नसायचं.

पुण्यात मी सिंहगड रोडला राहायचे. रविवारी पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन कांजी पाठ करायचे. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, त्याचं दुसरं नावच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. पुढे माझ्या कागदांवर नेमकं ओकायामा आलं, तेव्हा मला वाटलं आपली अर्धी ओळख आधीच झालीय. तसं काही नसतं. बागेत झाडं असतात, माणसं नसतात.

माणसांशी पहिल्याच दिवशी गाठ पडली आणि माझं जपानी कोसळलं. क्लासमध्ये आम्हाला सभ्य, इस्त्री केलेलं जपानी शिकवलं होतं. इथले आजी-आजोबा ओकायामाच्या बोलीत बोलायचे. वाक्याच्या शेवटी 'जाकेन', आणि 'खूप'साठी 'देरे'. एक आजोबा मला रोज म्हणायचे, आज देरे गरम आहे. मी आठवडाभर शब्दकोशात 'देरे' शोधला. मग एका सहकाऱ्याने सांगितलं की बोलीतला शब्द आहे, पुस्तकात शोधू नकोस. मी मनात म्हटलं, म्हणजे 'भल्लं'. आज भल्लं तपून राहिलं. त्या क्षणी ते आजोबा मला आमच्या बसस्टँडवरच्या बाकड्यावर बसलेले दिसायला लागले.

मग मी तेच करायला लागले. मनातल्या मनात सगळ्यांना वऱ्हाडीत ऐकायचं. पुस्तकी मराठीत भाषांतर केलं की ती माणसं लांब जायची, वऱ्हाडीत केलं की जवळ यायची.

जेवणाचं सांगते. पहिल्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी करी होती. करी! मी सकाळपासून आनंदात. ताटात आलं ते तपकिरी, दाट, गुळगुळीत आणि गोड. जपानमध्ये करी इंग्रजांच्या वाटेने गेली आणि तिकडे जाऊन पूर्ण तिकडची झाली. १९६३ पासून मिळणाऱ्या 'व्हर्माँट करी'च्या वड्यांची तर जाहिरातच सफरचंद आणि मध घातल्याची. ज्या पोरीने तर्री-पोहे खाऊन शाळा केली, सावजीचा रस्सा खाऊन नाक पुसलं, तिच्यासमोर हे. मी तो घास गिळला आणि मला रडू आलं. खोटं नाही सांगत. घरापासून किती लांब आलोय हे मला विमानात कळलं नव्हतं, त्या गोड रश्शाने कळलं.

आणि आज मला सगळ्यात जास्त त्याचीच तल्लफ येते. येताना दोन डबे आणले होते. घरी लेबल नीट वाचलं तर त्यात गाई-डुकराची चरबी. तिकडे तीन वर्षं कॅन्टीनमध्ये खाताना मी ते वाचलं नव्हतं की वाचून न वाचल्यासारखं केलं होतं, देव जाणे. ते डबे कपाटात मागे टाकले आणि लोणी, मैदा, सफरचंद, मध, गरम मसाला घेऊन घरीच खटाटोप केला. बाबांनी चाखलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे वरन हाय का भाजी?" आईने त्यात लाल तिखट घातलं. खरं सांगू? बरं लागलं.

ओकायामात मामाकारी नावाचा एक लहान मासा मिळतो. व्हिनेगरमध्ये मुरवून खातात. 'मामा' म्हणजे भात आणि 'कारी' म्हणजे उसनं घेणं. मासा इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजारून उसना आणावा लागतो, म्हणून हे नाव. मला मासा काही फार आवडला नाही, नाव मात्र भयंकर आवडलं. शेजारून भात उसना आणणाऱ्या माणसांचा देश आपल्याला परका कसा असेल? (आमच्याकडे साखर आणि विरजण. भात नाही. भात उसना मागायला लाज वाटेल.)

नात्तोचं मात्र जमायला वर्ष गेलं. आंबवलेलं सोयाबीन, तारा सुटणारं, वास असा की मोज्यांची आठवण व्हावी. आमच्या भागात शेतंच्या शेतं सोयाबीनची, पण ते विकायचं असतं, असं कुजवून कोणी खात नाही. मग एकदा कोणीतरी त्यात भेंडी चिरून घातली. तिकडे भेंडीला 'ओकुरा' म्हणतात आणि तिचा चिकटपणा मुद्दाम राखतात. आई भेंडी पुसून, वाळवून, दही टाकून तो चिकटपणा घालवायला जिवाचं रान करते, आणि इथे लोक त्या चिकटपणासाठीच पैसे मोजतात. त्या दिवसापासून मला नात्तो आवडायला लागला. कारण विचारू नका.

आता एम-सानबद्दल. खरं नाव लिहीत नाही.

एम-सान नव्वदीच्या पुढे होत्या. आयुष्यभर कोजिमात शिवणकाम केलेलं, शाळेचे गणवेश. कोजिमा ओकायामाच्या दक्षिणेला, समुद्राकाठी. समुद्र हटवून काढलेली जमीन खारट, भात पिकेना. कापूस खारेपणा सोसतो म्हणून लोकांनी कापूस लावला. कापसातून आधी सूत आणि कापड आलं, मग गणवेश, आणि १९६०च्या दशकात जपानमध्ये शिवलेल्या पहिल्यावहिल्या जीन्स. आज कोजिमा जीन्ससाठी जगभर माहीत आहे. मी एकदा सुट्टीच्या दिवशी तिथे गेले होते. जीन्सच्या किमती पाहून बाहेर आले आणि आईस्क्रीम खाल्लं.

एम-सानना माझं नाव कधीच लक्षात राहिलं नाही. पण एकदा मी त्यांना फोनवर आमच्या घराचा फोटो दाखवला. पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला आणि त्यावर लोळत पडलेला माझा धाकटा भाऊ. भाव येईपर्यंत कापूस घरात साठवायचा, आम्ही पोरं त्यावर झोपायचो आणि रात्रभर अंग खाजायचं. एम-साननी स्क्रीनवर बोट फिरवलं, कापड तपासतात तसं. म्हणाल्या, "वाता." कापूस. त्यानंतर मी त्यांच्यासाठी 'कापसाची पोरगी' झाले. ते नाव त्यांना कधीकधी लक्षात राहायचं.

त्यांना गिळायचा त्रास होता. ही गोष्ट मला जीएनएममध्ये शिकवली होती, म्हणजे परीक्षेपुरती. इथे कळलं की पाणी ही सगळ्यात धोकादायक वस्तू असू शकते. पातळ असतं, घशात पटकन निसटतं, चुकून श्वासनलिकेत जातं. म्हणून पाण्यात, चहात एक पावडर घालून ते दाट करायचं. दाटपणाला 'तोरोमी' म्हणतात. खाऊ घालणाऱ्याने उभं राहायचं नाही, शेजारी खुर्ची घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहिलं की त्यांची मान वर होते, आणि मान वर झाली की घास चुकतो. हनुवटी किंचित खाली. लहान चमचा. चमच्यात काय आहे ते सांगायचं. मग गळ्याकडे पाहायचं: घाटी वर गेली, खाली आली, गिळलं. तोवर दुसरा चमचा उचलायचा नाही. एका जेवणाला चाळीस मिनिटं. पहिल्या महिन्यात मला वाटलं, हे काम नाही, ही शिक्षा आहे.

जेवणाआधी सगळ्यांनी मिळून तोंडाचा व्यायाम करायचा: पा-ता-का-रा, पा-ता-का-रा. 'पा'ला ओठ मिटतात, म्हणजे घास बाहेर सांडत नाही. 'ता'ला जिभेचं टोक टाळूला लागतं. 'का'ला जिभेची मागची बाजू उचलली जाते. 'रा'ला जीभ वळते आणि घास मागे ढकलला जातो. वीस म्हातारी माणसं टेबलाभोवती बसून पाताकारा म्हणतायत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमची बालवाडी आठवली. मग लक्षात आलं की हे तर आपलं कंठ्य, दंत्य, ओष्ठ्यच आहे. जपानी अक्षरांचा क्रमसुद्धा, आ-इ-ऊ-ए-ओ आणि मग का-सा-ता-ना, बौद्ध भिक्खूंनी चीनमार्गे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आलाय. गेला, तिकडे राहिला आणि म्हाताऱ्यांच्या घशाच्या कामी आला.

जेवणानंतर गाणी. आठवड्यातून दोनदा कराओके. १९६१चं क्यू साकामोतोचं गाणं, जे अमेरिकेत 'सुकीयाकी' या नावाने पहिल्या नंबरवर गेलं (सुकीयाकी हा एक खाण्याचा पदार्थ आहे, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही). शाळेतली जुनी गाणी. आणि प्रत्येक वेळी, कोणीही न सांगता, 'सेतो नो हानायोमे'. सेतोची नवरी. रुमिको कोयानागी या गायिकेचं १९७२चं गाणं. ओकायामा स्टेशनवर समुद्रावरच्या पुलाकडे जाणारी गाडी यायची असली की त्याचीच धून वाजते, त्यामुळे शब्द माहीत होण्याच्या कितीतरी आधी मला चाल पाठ होती. माझ्यासाठी ती गाडीची घंटी होती.

एम-सानना नाव, गाव, मुलीचा चेहरा, काही आठवायचं नाही. हे गाणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत यायचं. मी एका रात्री शब्द लिहून घेतले आणि शब्दकोश घेऊन बसले. समुद्रातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर एक मुलगी बोटीने सासरी निघालीय. संध्याकाळ आहे. आणि तिचा लहान भाऊ जाऊ नको म्हणून रडतोय.

माझा भाऊ नागपूरच्या विमानतळावर रडला होता. मिशी फुटलेला, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, सगळ्यांसमोर. मी त्याला तेव्हा रागावले होते, "लोकं पाहून राहिले" म्हणून.

पुढच्या कराओकेला मी एम-सानच्या शेजारी बसून ते गाणं म्हटलं आणि दुसऱ्या कडव्यात माझा आवाज गेला. एम-सान थांबल्या नाहीत. गात-गातच त्यांनी माझ्या मांडीवर दोनदा थापटलं. नंतर त्यांच्या मुलीने सांगितलं की आईसुद्धा बेटावरूनच सासरी आली होती. पूल १९८८चा. त्याआधी सगळ्यांना बोटच.

माझी स्वतःची गाणी वेगळी होती. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, फुजी काझेचं एक गाणं रीलवर जगभर फिरत होतं, तुम्हीही ऐकलं असेल. तो मूळचा ओकायामातल्या सातोशो नावाच्या लहानशा गावचा. वडिलांच्या कॉफीच्या दुकानात पियानो वाजवून व्हिडिओ टाकायचा. आणि गाण्यांत आपली ओकायामाची बोली सोडत नाही. मी देवळीची, वर्ध्याच्या कॉलेजात 'मले-तुले' म्हणायची लाज वाटून 'मला-तुला' करायला शिकलेली. त्याचं ऐकून मला काय वाटलं असेल सांगा.

त्या गाण्याचं नाव 'शिनु नो गा ई वा'. तुझ्याशिवाय जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असा काहीसा भाव. ३१ डिसेंबरला एनएचकेवर नववर्षाचा गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो, त्यात त्याने ते गायलं तेव्हा माझी रात्रपाळी होती. टीव्हीचा आवाज अगदी बारीक. ठसक्यात 'मेलेलं बरं' गाणारा पंचवीस वर्षांचा मुलगा, आणि आतल्या खोल्यांत झोपलेल्या आज्या, ज्या दिवसातून दहा वेळा हेच वाक्य कुरकुरत म्हणायच्या. माझी आजीसुद्धा म्हणते. गुडघा दुखला की, चहा थंड झाला की, "त्यापरस मेलेली बरी." मी एकटीच हसत बसले.

२०२४च्या पोळ्याच्या आधी आजीला लकवा मारला.

ओकायामा आणि देवळीत साडेतीन तासांचा फरक. तिकडे दुपारच्या बाराच्या जेवणाची वेळ म्हणजे देवळीत सकाळचे साडेआठ. दवाखान्यातून आजी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, मी व्हिडिओ कॉल केला. आई आजीला चहा पाजत होती. आजी खाटेवर आडवी, आई उभी, एका हाताने आजीची मान मागे धरलेली, दुसऱ्या हाताने पेला तोंडाला लावलेला. चहा पातळ. आजी खोकत होती. आई म्हणत होती, "पिऊन घे वं माय, एक घोट."

मी ओरडले. "आई, मान मागे नको! बसव तिला! पेला काढ!" नेटवर्क अडखळत होतं. आईचा चेहरा अर्धवट थिजला. तिला वाटलं मी तिला बोलतेय, म्हणजे दोष देतेय. ती म्हणाली, "तू तिथून नको सांगू," आणि फोन ठेवला.

साडेपाच हजार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी एम-सानच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, डोळ्यांच्या पातळीवर, लहान चमचा, हनुवटी खाली. घाटी वर गेली, खाली आली. मी महिन्याला दीड लाखाच्या वर येन घेऊन एका अनोळखी बाईला बरोबर जेवू घालत होते. त्या पैशांतून देवळीचं कर्ज फिटत होतं, आणि आजीचा दवाखानाही त्यातच होत होता. हिशोबात कुठे चूक नव्हती. तरी त्या दिवशी माझा हात थरथरला आणि एम-सान म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

मला लगेच येता आलं नाही. करार, तिकीट, पैसे. भावाला रोज व्हिडिओ करून पाठवत होते: उशी अशी लाव, असं बसव. तो करायचा. कॉलेज असलं की करायचा नाही.

एम-सान जानेवारीत गेल्या. शेवटचे दिवस त्या खात नव्हत्या. ओकायामाचं पांढरं पीच त्यांना फार आवडायचं. झाडावर असतानाच प्रत्येक फळाला कागदाची पिशवी घालतात, इतकं नाजूक. हिवाळ्यात ते कुठून मिळणार? मुलीने डब्यातल्या पीचचा रस आणला. तो आम्ही स्पंजच्या काडीने त्यांच्या ओठांना लावला. जीभ थोडी हलली. मुलगी कमरेत वाकून मला म्हणाली, "तुम्ही आईला जेवू घातलंत." मी काय बोलणार होते? मला माझी आई दिसत होती, पेला हातात धरलेली.

करार संपला तशी मी आले. मी नव्हते तेव्हा देवळीत रेल्वे आली होती. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब गाडी सुरू झाली, तेव्हा बाबांनी गर्दीतून काढलेला हलता व्हिडिओ पाठवला होता. वर्ध्याहून नांदेडला जायची ती लाइन, आमच्या लहानपणापासून नुसती ऐकलेली. मी आल्यावर एका संध्याकाळी भाऊ मला स्टेशन दाखवायला घेऊन गेला. नवं कोरं, रिकामं. मी उभी राहून वाट पाहत होते, मग लक्षात आलं की मी गाडीची नाही, धून वाजायची वाट पाहतेय.

आजी आता बसते. उजवा हात जड आहे, बोलणं बरंचसं सुधारलंय. वर्ध्याच्या डॉक्टरांना विचारून आम्ही तिचं पाणी दाट करतो. त्याची पावडर महाग, म्हणून ती पाण्यालाच ठेवली. सकाळी ज्वारीची आंबील, गाळून, त्यांनीच सांगितलेल्या दाटपणाची. तिकडे जे पाकिटातून यायचं ते आमच्या चुलीवर आधीपासून होतं, फक्त आंबील आजारी माणसाला का देतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. गोळाभात केला तर आजीसाठी गोळे कढीत कुस्करून, भाताची शितं राहणार नाहीत इतके. पार्ले-जी चहात बुडवून खायची तिची जन्माची सवय, ती मोडायला सगळ्यात जास्त भांडण झालं.

आणि जेवणाआधी प, त, क, र. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "मले बालवाडीत टाकतं का?" आता शेजारच्या काकू आल्या की त्यांनाही म्हणायला लावते. 'त' अजून बरोबर येत नाही.

गेल्या महिन्यात ओकायामाहून मेसेज आला. माझी जागा अजून आहे, परत यायचं असेल तर कळवा. माझ्या व्हिसावर अजून दोन वर्षं काम करता येतं. मी तो मेसेज कोणाला दाखवला नाही. पण आपल्या घरात काही लपतं का? रात्री आजीला भरवताना मी नकळत सेतोच्या नवरीची चाल गुणगुणत होते. आजीने विचारलं, "कोनाचं गानं हाय थे?"

"एक नवरी हाय. बोटीत बसून सासरी जाते."

"मंग रडते का?"

"भाऊ रडते."

आजीने तोंडातला घास गिळला. मी घाटीकडे पाहत होते, वर गेली, खाली आली. मग ती म्हणाली, "तुले जाचं हाय तं जाय. पन आंदी तुया मायले शिकवून जाय. तुले सगळं येते, तिले कोनं सांगतलं?"

मी त्या दिवशीच्या फोनबद्दल आईची माफी कधी मागितली नव्हती. अजूनही मागितलेली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ स्टूल ठेवलं आणि आईला म्हटलं, बस. आई म्हणाली, "मी उभ्यानंच देतो, पटकन होते." मी म्हटलं, बस तं. ती बसली. आंबीलीची वाटी तिच्या हातात दिली, मोठा चमचा काढून लहान दिला. पहिला चमचा तिने फार आत नेला. दुसरा बरोबर. तिसऱ्याला ती घाई करत होती. मी आजीच्या गळ्याकडे बोट दाखवलं. आई थांबली. थांबून पाहत राहिली. इतकी वर्षं सासूला वाढलं, पण ती गिळते कशी हे तिने कधी पाहिलंच नसावं.

पाचव्या चमच्याला मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आता तू नको सांगू. मले समजते."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. रात्रीचा गिच्च भात उरला होता. त्याला मिठाचा हात लावला, पोटात आंब्याच्या लोणच्याची एक फोड घातली. त्रिकोण झाला नाही, पण टिकला.